उशिराचा दोष कोणाचा?

गर्भपाताच्या नैतिकतेची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: गर्भ ही व्यक्ती आहे की नाही? तो व्यक्ती आहे असे मानले की गर्भपात ही हत्या ठरते आणि तिच्या समर्थनाचा मार्ग जवळजवळ बंद होतो; तो व्यक्ती नाही असे मानले की गर्भपात हा इतर शस्त्रक्रियांसारखा एक उपचार ठरतो आणि त्याविषयी नैतिक प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. दोन्ही भूमिका तर्काच्या दृष्टीने नेटक्या आहेत, परंतु दोन्हींतून एक गोष्ट निसटते, आणि ती म्हणजे काळ. गर्भावस्था नऊ महिने चालते आणि रोज बदलत जाते. सहाव्या आठवड्यातील गर्भ आणि सव्विसाव्या आठवड्यातील गर्भ यांच्याविषयी एकाच वाक्यात निवाडा देता येत नाही, हे गर्भवतीला, सुईणीला आणि डॉक्टरला सारखेच ठाऊक असते. गर्भाचा नैतिक हक्क आठवड्यागणिक वाढत जातो हे एकदा मान्य केले, म्हणजे गर्भपाताच्या निर्णयाला झालेला उशीर हीच नैतिक दृष्ट्या सर्वांत गंभीर बाब ठरते. आणि अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात हा उशीर पुष्कळदा स्त्रीने केलेला नसतो, तिच्यावर लादलेला असतो. तो कोणी लादला याचा हिशेब मांडल्याशिवाय तिला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाला पहिला आक्षेप येतो तो गर्भधारणेच्या क्षणापासून जीव पूर्णत्वाने पवित्र मानणाऱ्यांकडून, आणि या जिल्ह्यात तो केवळ पुस्तकी आक्षेप नाही. आचार्य आनंदऋषींच्या वास्तव्यामुळे नगर शहर जैन समाजाचे श्रद्धास्थान झाले आहे, आणि अहिंसेचे व्रत तेथे सूक्ष्म जीवांपर्यंत पोहोचते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी जमणारे कॅथलिक भाविक ज्या शिकवणुकीत वाढतात, तीही मानवी जीवन गर्भधारणेपासून अभंग मानते. हिंदू धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला घोर पातकांच्या पंक्तीत बसवले आहे. ही श्रद्धा जपणाऱ्या स्त्रीने गर्भपात नाकारावा हा तिचा पूर्ण अधिकार आहे, आणि तिच्यावर दबाव आणून तिला त्यापासून ढळवणारा नवरा, सासू किंवा डॉक्टर निंद्यच होय. परंतु श्रद्धेचा आदर करणे वेगळे आणि ती श्रद्धा नसलेल्या स्त्रीवर तिचे ओझे कायद्याने टाकणे वेगळे.

शिवाय परंपरेला काळाचे भान नव्हते असे म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची वाढ महिन्यामहिन्याने वर्णिली असून, चौथ्या महिन्यात अवयव अधिक स्पष्ट होऊन चेतना प्रकट होते, म्हणून त्या वेळच्या स्त्रीला दोन हृदयांची मानून तिच्या इच्छा पुरवाव्यात, असे सांगितले आहे. मनुस्मृतीने गर्भस्रावाचे अशौच, म्हणजे गर्भ गळून गेल्यावर पाळावयाचे सुतक, जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या रात्री असे ठरवले आहे. दोन महिन्यांच्या गर्भाला दोन रात्री आणि सहा महिन्यांच्या गर्भाला सहा, हा हिशेब करणाऱ्या स्मृतिकाराच्या मनात गर्भाची किंमत पहिल्या दिवसापासून एकसारखी नव्हती. ज्या ग्रंथातील स्त्रीविषयक इतर विधाने आज स्वीकारता येत नाहीत, त्याच ग्रंथातून हा दाखला घेण्याचे कारण एवढेच की गर्भाच्या वाढत्या हक्काची कल्पना बाहेरून आणलेली नाही.

आधुनिक तत्त्वज्ञांपैकी दोघांचे युक्तिवाद येथे थोडक्यात तपासणे आवश्यक आहे. अमेरिकेतील ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी 1971 साली असे मांडले की गर्भाला व्यक्ती मानले तरीही एका व्यक्तीला दुसरीचे शरीर तिच्या इच्छेविरुद्ध महिनोन्महिने वापरण्याचा हक्क मिळत नाही. डॉन मार्क्विस यांनी 1989 साली उलट बाजूने असे म्हटले की हत्या वाईट असते ती मृताचे मोलाचे भविष्य हिरावले जाते म्हणून, आणि तसे भविष्य गर्भालाही असते. थॉमसन यांच्या युक्तिवादात शरीराच्या हक्काचे तत्त्व पक्के आहे, मात्र आठव्या महिन्यातील गर्भाविषयी सामान्य माणसाला जे वाटते त्याला त्यात पुरेशी जागा नाही. मार्क्विस यांच्या युक्तिवादाने पहिल्या आठवड्यातील पेशीपुंजाला नवजात बालकाइतकेच वजन येते, आणि कोणताही समाज प्रत्यक्षात तसे वागत नाही. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते वीस टक्के आपोआप संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्या दुःखद असतात, पण त्यांना कोणी बालमृत्यूंच्या नोंदीत घालत नाही. शरीराचा हक्क स्त्रीचा, हा पाया, आणि गर्भाचा हळूहळू बळावणारा दावा, हे त्यावरील बंधन, अशी मांडणी या दोहोंपेक्षा अधिक खरी आहे.

भारतीय कायद्यात हीच मांडणी अर्धवट स्वरूपात सापडते. 1860 च्या दंडसंहितेने स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज इतर कोणत्याही कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा ठरवला आणि तो स्वतः घडवून आणणाऱ्या स्त्रीलाही शिक्षेच्या कक्षेत ठेवले. गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर ती शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढे. 1964 साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली. तिच्या अहवालातून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि तो 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत घेऊन गर्भपात करता येईल, अशी त्याची रचना होती. 2021 च्या दुरुस्तीने एका डॉक्टरच्या मताची मर्यादा वीस आठवड्यांवर नेली आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित, अपंग अशा काही गटांसाठी दुसरी मर्यादा चोवीस आठवडे केली. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही याच मर्यादेचा लाभ दिला आणि गर्भपाताच्या प्रयोजनापुरता वैवाहिक बलात्कारही बलात्कारच मानला. हा कायदा अनेक देशांच्या मानाने उदार आहे, हे निःसंशय. तथापि त्याने स्त्रीला हक्क दिलेला नाही. जुन्या गुन्ह्यातून डॉक्टरला सूट दिली आहे. तो गुन्हा 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे, आणि सहाव्या आठवड्यातसुद्धा अंतिम शब्द डॉक्टरच्या मताचा असतो. निर्णय ज्याचा नाही त्याला विचारायला जाणे हेच उशिराचे पहिले कारण होते. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असतानाही अनेक दवाखान्यांत नवऱ्याची सही मागितली जाते, आणि ती सही आणण्यात आठवडे जातात.

उशिराला कारणीभूत कोण, हा प्रश्न महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकातच विचारला होता, आणि त्याचे दिलेले उत्तर आजच्या कायद्यापेक्षा धीट होते. पुनर्विवाहाची बंदी असलेल्या ब्राह्मण विधवेला दिवस गेले म्हणजे तिच्यापुढे गुप्त गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेथे विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी व्यवस्था केली, आणि तेथे जन्मलेल्या यशवंतला पुढे स्वतः दत्तक घेतले. मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा जोतीरावांना ज्या शाळांतून मिळाली त्या नगरच्या होत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरर यांनी चालवलेल्या. नगर आणि पुणे यांच्यातील हा धागा या विषयातही आठवावा असा आहे, कारण शिक्षण आणि गर्भावरील निर्णय या दोन्ही गोष्टी स्त्रीला स्वतःच्या आयुष्याची मालकी देण्याच्या होत्या. फुल्यांनी बालहत्या करणाऱ्या स्त्रीला शिक्षा वाढवून मागितली नाही; ज्या परिस्थितीत ती हत्या घडे ती परिस्थिती बदलली. 1881 साली सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या प्रकरणावरून उठलेल्या चर्चेला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिले आणि या गुन्ह्यातील पुरुष कोठे आहे, हा प्रश्न सर्वांसमोर मांडला. त्याला दीडशे वर्षे होत आली तरी गर्भपाताच्या नैतिक चर्चेत पुरुष अद्याप हजर नाही. गर्भनिरोधक वापरण्यास नकार देणारा, लग्नाचे आमिष दाखवून पळ काढणारा, तिसऱ्या मुलीनंतर चौथ्यांदा दिवस राहण्याचा आग्रह धरणारा पुरुष गर्भपाताच्या कारणांत पहिला असतो. चर्चेत त्याचा उल्लेख शेवटी येतो किंवा येतच नाही.

याच संदर्भात नगर जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी, पण जवळजवळ विस्मृतीत गेलेली एक नोंद आहे. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांचा सरकारने प्रसार करावा असा ठराव आला. तो मांडणारे पी. जे. रोहम हे स्वतंत्र मजूर पक्षाचे, नगर जिल्ह्यातून निवडून आलेले सदस्य होते आणि त्यांनी केलेले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यांना कोणी तयार झाले नसते, आणि मूल कधी व्हावे हे पूर्णपणे स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय होता. ठराव बहुमताने फेटाळला गेला. ज्या काळी र. धों. कर्वे यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनाबद्दल खटल्यांना तोंड द्यावे लागत होते, त्या काळात एका दुष्काळी जिल्ह्याच्या प्रतिनिधीने हे शब्द सभागृहात उच्चारले. स्त्रीची इच्छा हा लोकसंख्येच्या धोरणाचा तपशील नसून नैतिक प्रश्नाचा गाभा आहे, हे त्या भाषणाने ओळखले होते. 1971 चा कायदा मात्र लोकसंख्येच्या चिंतेच्या छायेत आला आणि ती इच्छा पुन्हा मागे पडली.

या विचारसरणीची खरी कसोटी लागते ती गर्भलिंगनिदानाच्या प्रश्नात, आणि नगर जिल्ह्याला ती टाळता येणार नाही. शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या या जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत 884 होती, ती 2011 मध्ये 852 झाली. त्याच काळात राज्याचा आकडा 913 वरून 894 वर आला. म्हणजे राज्य घसरत होते आणि जिल्हा राज्याहून वेगाने घसरत होता. हे दारिद्र्याने घडले असे म्हणण्याची सोय नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला तो याच जिल्ह्यात. पाणी, ऊस, शिक्षणसंस्था आणि सोनोग्राफीची यंत्रे येथे पाठोपाठ आली, आणि वाटणी होऊ घातलेल्या बागायती जमिनीला वारस, हुंड्याची धास्ती व लहान कुटुंबाची हौस यांनी मिळून त्या यंत्राचा जो वापर केला तो जनगणनेत उमटला. शेजारच्या बीड जिल्ह्याचा आकडा 2011 मध्ये 807 इतका खाली होता, आणि सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मार्च 2017 मध्ये एका विवाहितेच्या मृत्यूनंतर पुरलेले 19 गर्भ सापडले.

येथे टीकाकार विचारतो, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे: शरीर जर स्त्रीचे आणि निर्णय जर तिचा, तर मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्याचा निर्णय तेवढा चुकीचा कसा? याचे सोपे उत्तर असे दिले जाते की तो निर्णय तिचा नसतोच, सासरचा असतो. हे पुष्कळदा खरे असते आणि कायद्यानेही ते ओळखले आहे. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात, गर्भवतीला नवऱ्याने वा नातेवाइकांनी तपासणीस भाग पाडले असे गृहीत धरावे, अशी तरतूद आहे. पण हे उत्तर पुरेसे नाही, कारण काही स्त्रिया पूर्ण समजून, स्वतःच्या इच्छेने मुलगा मागतात. खरे उत्तर असे की लिंगनिवडीतील अन्याय गर्भावर होण्याआधी जिवंत स्त्रियांवर होतो. ती निवड प्रत्येक मुलीला, बहिणीला आणि त्या गर्भवतीलाही सांगते की तिचा जन्म हा टाळता आला असता तर बरा असा होता. कोणतीही स्त्री मूल नको म्हणते तेव्हा ती स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत असते. मुलगी नको म्हटले जाते तेव्हा एका संपूर्ण वर्गाच्या किमतीबद्दल बोलले जाते. म्हणून महाराष्ट्राने 1988 साली देशात सर्वप्रथम आणि केंद्राने 1994 साली जो कायदा केला, त्याने योग्य जागी बोट ठेवले: गुन्हा निदानाचा, ते करणाऱ्या यंत्रचालकाचा आणि त्याचा बाजार मांडणाऱ्याचा, गर्भपाताचा नव्हे.

दुर्दैवाने प्रचाराने ही रेषा पुसून टाकली. पोटातला गर्भ आईला मला मारू नकोस असे विनवतो आहे, अशी चित्रे शाळांच्या भिंतींवर, एसटी स्थानकांवर आणि घोषणांत वर्षानुवर्षे झळकली. मुलगी वाचवण्याच्या तळमळीने ती काढली गेली होती यात संशय नाही, पण त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना शिकवले ते हे की गर्भपात हाच खून आहे आणि खुनी आई आहे. 2012 च्या सुमारास खुनाचे कलम लावण्याची मागणीही राज्यात पुढे आली. औषध प्रशासनाच्या कारवाईच्या धास्तीने अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. या गोळ्यांना भारतात 2002 साली मान्यता मिळाली असून त्या नवव्या आठवड्यापर्यंत वापरल्या जातात, आणि सोनोग्राफीवर गर्भाचे लिंग साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्याआधी भरवशाने कळत नाही. म्हणजे ज्या गर्भपातांत लिंगनिवड बहुधा असूच शकत नाही, नेमके तेच अवघड करून ठेवले गेले, आणि गोळी न मिळाल्याने तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोहोचलेल्या स्त्रीकडे मग लिंगनिवडीच्या संशयाने पाहिले गेले. रक्ताच्या नव्या चाचण्यांनी लिंग दहाव्या आठवड्यापासून कळू शकते, हा गुंता आता वाढला आहे हे खरे. पण त्यावरचा उपाय प्रयोगशाळांवर नजर ठेवणे हा आहे, पाळी चुकलेल्या बाईवर नजर ठेवणे हा नव्हे. 2015 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी जवळपास 1 कोटी 15 लाख दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने प्रसिद्ध केला आहे. दाराला कुलूप लावल्याने बाई थांबत नाही. ती मागच्या दाराने, माहितीशिवाय आणि उशिरा जाते.

हा उशीर कसा घडतो हे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड या तालुक्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या घर सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादम त्या कोयत्यावर आगाऊ उचल देतो आणि एका दिवसाचा खाडा झाला तर त्याचे पैसे उचलीच्या हिशेबातून वळते होतात. फडात डिसेंबरमध्ये दिवस राहिलेल्या बाईची पाळी जानेवारीत चुकते. तेव्हा ती ज्या कोपीत राहते तेथे तिचे नाव कोणत्याही आशाताईच्या वहीत नसते, दवाखाना दूर असतो, जाण्याचा दिवस म्हणजे खाडा असतो आणि पैसा नवऱ्याच्या व मुकादमाच्या हाती असतो. ती गावी परतते तेव्हा चौथा किंवा पाचवा महिना चालू असतो. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती. पाळी, गरोदरपण आणि आजार यांना वेळ नसलेल्या कामाने स्त्रीच्या शरीराचे काय होते याचा तो सरकारदरबारी नोंदलेला पुरावा आहे. अशा बाईने वीस आठवड्यांनंतर गर्भपात मागितला तर गर्भाचा दावा तोवर बळकट झालेला असतो, हे नाकारता येत नाही. परंतु त्या दाव्याच्या विरुद्ध उभी असलेली ती एकटी नसते. तिच्या मागे मुकादम, कारखाना आणि हंगामाआधी एकदाही तिच्यापर्यंत न पोहोचलेली आरोग्ययंत्रणा उभी असते. तिला पातकी ठरवून बाकीच्यांना मोकळे सोडणारी नीती ही नीती म्हणवून घेण्यास पात्र नाही.

उचल घेऊन जाताना मुलीला मागे एकटी कशी ठेवायची, या काळजीने होणारे बालविवाह याच साखळीत येतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहिली म्हणजे 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, डॉक्टरला पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. नवरा तुरुंगात जाईल या भीतीने घरचे तिला सरकारी दवाखान्यात आणत नाहीत आणि महिने जातात. 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलीची ओळख डॉक्टरने पोलिसांना उघड करण्याची गरज नाही असे सांगितले; ही गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणि त्याहून गावापर्यंत पोहोचणे हे कोणत्याही पोस्टरपेक्षा अधिक जीव वाचवणारे ठरेल.

व्यंग असलेल्या गर्भाचा प्रश्न मात्र या सर्वांहून कठीण आहे. 2008 साली मुंबईतील निकेता मेहता यांनी गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळल्यावर वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली असताना गर्भपाताची परवानगी मागितली, उच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि त्या प्रकरणातून सुरू झालेली चर्चा तेरा वर्षांनी कायद्याच्या दुरुस्तीत परिणत झाली. आज गर्भात गंभीर व्यंग असल्याचा निर्वाळा वैद्यकीय मंडळाने दिला तर आठवड्यांची मर्यादाच उरत नाही. बलात्कारपीडितेला मात्र चोवीस आठवड्यांनंतर न्यायालयाची पायरी चढावी लागते. या रचनेतून कायदा नकळत असे सांगतो की गर्भातील दोष हे स्त्रीवरील अत्याचाराहून मोठे कारण आहे. मुलगी नको म्हणणे जर जिवंत स्त्रियांचा अवमान असेल, तर अपंग मूल नको म्हणणे जिवंत अपंगांचा अवमान का नाही, हा अपंगांच्या चळवळीचा प्रश्न टाळता येणार नाही. जन्मानंतर काही तासांतच ज्याचा अंत होणार अशा गर्भाची गोष्ट निराळी, आणि तेथे आईला नऊ महिने थांबवणे क्रौर्य आहे. पण ज्या व्यंगांसह माणसे चांगले आयुष्य जगतात, त्यांच्याबाबत पालकांचा नकार अनेकदा मुलाविषयी नसतो; शाळा, उपचार आणि आधार मिळणार नाही या खात्रीविषयी असतो. तेथे निर्णय पालकांवर सोडावा, परंतु तो निर्णय त्यांच्यावर ओढवणारी उपेक्षा राज्याने आपल्या खात्यावर लिहावी. 16 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवड्यांचा, व्यंग नसलेला गर्भ पाडण्यास नकार दिला तेव्हा आईच्या मानसिक आजाराची कहाणी न्यायालयासमोर होती. दोन्ही बाजूंनी खरे दुःख असलेले हे प्रकरण दाखवते की उशीर झाल्यावर कोणताही निकाल कोणावर तरी अन्याय करतो.

मूल जन्माला घालून दत्तक द्यावे, हा सुचवला जाणारा पर्याय नगरमध्ये कोणाला अपरिचित नाही. स्नेहालय संस्थेच्या स्नेहांकुर केंद्राने कुमारी मातांना आसरा आणि त्यांच्या बाळांना घरे मिळवून देण्याचे जे काम केले आहे, ते फुल्यांच्या गृहाचा वारसा सांगणारे आणि आदरास पात्र आहे. उशीर होऊन गेलेल्या स्त्रीसाठी हा मार्ग उघडा असणे अत्यावश्यक आहे. तो गर्भपाताच्या बदल्यात पुढे करणे मात्र योग्य नाही, कारण नऊ महिने वाहिलेले मूल देऊन टाकण्याचे दुःख दुसऱ्या कोणी स्त्रीच्या वतीने हलके ठरवू शकत नाही.

याच जिल्ह्यात उशीर टाळता येतो याचा पुरावाही आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर आणि दलित स्त्रियांना गावची आरोग्यसेविका केले, आणि गर्भनिरोधन, गरोदरपणाची तपासणी, बाळंतपण ही डॉक्टरची समजली जाणारी विद्या त्यांच्या हाती दिली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरातील आरोग्यकर्मी जामखेडला शिकायला येऊ लागले. पाळी चुकल्याची गोष्ट बाई जिला पहिल्यांदा सांगेल ती तिच्याच वाड्यावस्तीतली, निवाडा न देणारी बाई असली पाहिजे, हे त्या प्रयोगाने पन्नास वर्षांपूर्वी दाखवले. आज तशी बाई प्रत्येक गावात आहे, तिला आशा म्हणतात. तिच्या पिशवीत पाळी चुकल्यावर गरोदरपण तपासण्याची पट्टी असते, पण गर्भपाताबद्दल स्पष्ट बोलण्याची मुभा आणि धैर्य यंत्रणेने तिला दिलेले नाही.

म्हणून या जिल्ह्यापुरती मागणी साधी आहे. पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपाताचे प्रशिक्षण द्यावे, गोळ्यांचा साठा तेथे ठेवावा, टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्यातील बाईला गर्भनिरोधक व गरोदरपणाची तपासणी मिळावी, आणि कारखान्यांच्या गाळपस्थळी तशीच सोय असावी. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. 1971 च्या कायद्यानुसार सरकारी रुग्णालयाला गर्भपाताची सेवा देण्यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही.